दिवा हलत नाही

स्वयंपाकघरात छताला एक दिवा टांगलाय,
लांब वायरीचा, पत्र्याच्या टोपीचा.
वाल्पाराइसोत अशा दिव्याला घरातलं माणूसच मानतात.
पायाखाली काही सरकल्यासारखं वाटलं
की सगळे आधी वर बघतात, मग एकमेकांकडे.
दिवा हलत असेल, तर जमीन.
दिवा स्थिर असेल, तर मी.

आज सकाळपासून चार वेळा वर पाहिलं.
चारही वेळा मीच होते.

जीव टांगणीला लागला म्हणतात.
माझा तिथेच आहे, त्या वायरीला, बल्बच्या शेजारी,
आणि मी खाली उभी राहून कांदा चिरतेय.

घरातून निघताना गॅसच्या बटणाचा फोटो काढते.
फोनमध्ये असे सहाशे बारा आहेत:
बंद बटण, बंद बटण, बंद बटण,
मध्येच कुठेतरी भाचीचं लग्न,
पुन्हा बंद बटण.

टेकडी चढणाऱ्या लाकडी लिफ्टच्या खिडकीत
मी तिकिटं विकते.
एक डबा वर जातो, एक खाली येतो,
मधोमध दोघे एकमेकांना ओलांडतात.
तेवढा वेळ मी नाणी मोजते.
मोजलेलीच परत मोजते.
कुणी विचारलं तर म्हणते, हिशेब लागत नाहीये.
खोटं नाही ते.

मंगळवारी पावाच्या रांगेत
माझा नंबर सत्तेचाळीस, पाटीवर एकोणचाळीस.
आठ माणसं. फक्त आठ.
एक्केचाळीसला बोटांना मुंग्या आल्या,
त्रेचाळीसला दार कुठे आहे ते पाहून ठेवलं,
चव्वेचाळीसला मी रस्त्यावर होते,
मुठीत चिठोरा, घामाने लगदा झालेला.
काय झालं?
काहीच झालं नव्हतं.
हेच तर कुणाला सांगता येत नाही.

शेजारची नोल्फा म्हणाली, मनावर घेऊ नकोस.
नोल्फा, मी कुठे घेते?
मनच घेऊन येतं,
मांजराने मेलेला उंदीर आणावा तसं,
पायाशी ठेवतं आणि कौतुकाची वाट बघतं.

दवाखान्यातल्या मारित्साबाई फार बोलत नाहीत.
म्हणाल्या, चव्वेचाळीसला पळालीस ना?
पुढच्या वेळी पंचेचाळीसला पळ.
मी हसले. त्या नाही हसल्या.
कागदावर लिहून दिलं, औषध लिहावं तसं: ४५.

मग गुरुवारी रात्री दिवा हलला.
खराच. आधी थोडा, मग भिंतीवर सावल्या फेकत.
कपाटातल्या बश्या दात वाजवू लागल्या.
आणि मी,
लिफाफा फाडतानाही जिचा हात कापतो ती मी,
गॅस बंद केला, बूट चढवले,
दाराशी तीन वर्षं तयार असलेली पिशवी उचलली,
नोल्फाच्या दारावर थाप मारली: चल. चष्मा घे. चल.
जिन्यावर तिचा नातू बेनिसियो रडत होता,
त्याला म्हटलं, पायऱ्या मोज, मोठ्याने.
सदतीस आहेत. मला पाठ आहेत.

मन चिंती ते वैरी न चिंती.
पण मनाने हजारदा चिंतलेलं
दारात येऊन उभं राहिलं,
तेव्हा ओळखीचं निघालं, एवढंच.
खाली रस्त्यावर सगळे थरथरत होते.
मी त्यांना पाणी देत फिरले.
बाटलीची तारीखसुद्धा संपलेली नव्हती.

वाटलं, आता सुटले.
शुक्रवारी सकाळी चहा गाळताना
काळीज पुन्हा धावत सुटलं.
वर पाहिलं. दिवा गप्प.
भूकंपाने माझं काही बरं केलं नव्हतं,
फक्त तीन बश्या फोडल्या होत्या.

मंगळवारी पुन्हा रांग. नंबर अठ्ठावन्न.
मारित्साबाईंचा आकडा इथे कसा लावायचा?
शेवटून तिसरा, म्हणजे छप्पन्न, असं ठरवलं.
छप्पन्नला मुंग्या आल्या. येऊ दिल्या.
सत्तावन्न नंबरची म्हातारी
एकेक नाणं उजेडात धरून मोजत होती,
बाई, सावकाश, मीही तशीच मोजते.
दुकानाच्या छताला पंखा होता.
वर पाहिलं.
हलत नव्हता. बंदच होता.

अठ्ठावन्न कोण? एलेओदोरोने विचारलं.
पुन्हा विचारलं.

मी, म्हटलं.

उरलेले सुटे काउंटरवरच राहिले.
अर्ध्या चढावर आठवलं.
पाव गरम होता, परत नाही गेले.