दहाचा डालर

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या
अमळनेरच्या पतसंस्थेत, जाळीमागे,
ओल्या स्पंजावर बोट टेकवत.
निवृत्तीनंतर पहिल्यांदा
जाळीच्या अलीकडे उभी राहिले,
जळगावला, नव्या पेठेत,
छाजेडांच्या काउंटरशी, पासपोर्ट धरून.

"द्यायचा त्र्याण्णव, परत घ्यायचा सत्त्याऐंशी,"
ते सहज म्हणाले,
जसं कुणी वाट सांगताना म्हणतं
जाताना उतार, येताना चढ.
मधले सहा रुपये कुठे मुक्कामाला राहतात
मला माहीत होतं. मी त्याच धंद्यातली.
तरी दोनदा मोजल्या नोटा.
नुसत्या कमानी आणि पूल छापलेले,
पुलावरून जाणारं कुणीच नाही.

कुमुद बोरसेने सलवारीला आतून चोरखिसा शिवला,
अर्धे पैसे माझ्या कमरेला, अर्धे तिच्या.
"एकीचे गेले तर दुसरी जेवू घालेल,
दोघींचे गेले तर कळण्याचं पीठ आहेच."

पोर्तुगालचा किनारा, नऊ दिवस.
डावीकडे समुद्र पाहायचा
की त्र्याण्णवचा पाढा म्हणायचा?
कॉफी एकशे बारा रुपये.
म्हणजे आपल्या स्टँडावरचे अकरा चहा
आणि वर दोन रुपये.
मी अकराही चहा त्या कपात शोधत बसायची,
कुमुद तोवर पुढच्या वळणावर.

चौथ्या दिवशी एका कोळ्यांच्या गावात
भिंतीतल्या यंत्राने विचारलं:
रुपयांत हिशोब करू का?
भाच्याने बजावलं होतं,
आत्या, यंत्र आपल्या पैशात बोलायला लागलं
की ठाम नाही म्हण, दर त्याचा असतो.
पण चार दिवसांत पहिल्यांदाच
काहीतरी घरचं दिसलं होतं,
तो बिनकाठीचा र, पोटातून गेलेली ती रेघ.
मी हो दाबलं.
आठशे चाळीस रुपये जास्त गेले.
वहीत लिहिलं: बँक खर्च.
कुमुदला अजून सांगितलेलं नाही.

मग कधीतरी, सातव्या दिवशी बहुतेक,
एका फाटकाशी संत्र्यांची टोपली,
शेजारी पत्र्याचा डबा. माणूस नाही. भाव लिहिलेला नाही.
माझ्यातली कॅशियर चांगलीच अडखळली:
संध्याकाळी हा डबा मोजतं कोण?
कमी भरला तर सही कुणाची?
एक नाणं टाकलं. दहा पावलं गेले.
परत येऊन दुसरं टाकलं.
संत्रं सोलताना लक्षात आलं,
पाढा म्हणायचा राहिला.

घरी आल्यावर छाजेडांनी नोटा घेतल्या, सत्त्याऐंशीने.
"चिल्लर नाही चालत, ताई. ती आठवण म्हणून ठेवा."
आठवण पर्समध्येच पडून राहिली,
आपल्या सुट्ट्या पैशांत मिसळून.

सोमवारी बाजारात तुळसाबाई महाजनकडे
कोथिंबिरीची जुडी घेतली,
न बघता नाणं दिलं.
पिवळी कड, आत पांढरं.
तिने उन्हात धरलं, परत केलं.
"आठे हाऊ दहाना डालर चालस नही, माय.
नोट दे."

मी म्हणणार होते, बाई, हा दहाचा नाही,
हे नव्वद रुपये आहेत,
यासाठी मी कमरेला गाठ मारून झोपले आहे.
पण ती नव्वदचं तरी काय करणार होती?
छाजेडांना जे चालत नाही
ते तिने का चालवून घ्यावं?
खरा दहाचा दिला असता
तरी तिने हेच म्हटलं असतं.
पर्स उलटी केली, नोट निघाली पाचशेची.
तिने ती बघितलीही नाही.
"राहू दे. सकाय देजो."
आणि जुडीवर दोन मिरच्या टाकल्या.

प्रवासाची वही अजून भिंतीला टांगलेली आहे.
शेवटच्या पानावर विमानतळावरचं पाणी, तीन युरो दहा.
त्याखाली लिहिलं:
कोथिंबीर, दहा. देणे बाकी.
मिरच्यांच्या पुढे काय लिहावं
ते सुचेना. जागा सोडली.