एका कान्याचं सोंग

व्हिटबीत, बंदरावरच्या भाड्याच्या खोलीत
मी एका जाडजूड प्रेमकादंबरीचं भाषांतर करतेय.
साल अठराशे तीन. केझाया हॉगार्थ
केस कापून, छाती आवळून,
जेम या नावानं देवमाशांच्या जहाजावर चढते.
एकोणिसाव्या प्रकरणात कप्तानाचा जीव जडणार आहे
या पोरावर, आणि तो स्वतःलाच घाबरणार आहे.

इंग्रजीत तिचं बरं चाललंय.
‘आय केम’ म्हणते, कुणाला पत्ता नाही.
माझ्याकडे पोचली की धक्क्यावरच पंचाईत :
आलो, की आले?

फरक एका कान्याचा.
सगळं सोंग त्या उभ्या रेघेवर,
डोलकाठीवर जहाज पेलावं तसं.

चारचौघांत ‘आलो’, ते ठीक.
पण रात्री, झोळीत,
स्वतःशीच बोलताना?
खोडते, लिहिते. चहा निवतो.
खिडकीत सीगल भांडतात.

मग कागलची आक्काआत्या आठवली.
कासोटा घट्ट खोचून
उंबऱ्यातून ओरडायची, “जातो गं मी!”
तिला कुणी कधी विचारलं नाही,
हे सोंग कुणाचं.

लिहून टाकलं :
दिवा विझवून केझाया कुशीवर वळली,
म्हणाली,
“दमलो बाई.”