हापशी

सदतीस वर्षांनी फाइल उघडली.
पंचनाम्यावर कुणाच्या तरी चहाचं वर्तुळ,
मयत गोपीचंद हेडाऊ, विणकर, वय एकतीस.
साक्षीदार सात. पाच वारले,
एक सुरतेला, एक ठार बहिरा.

गोळीबार चौकामागं, भर मे महिन्यात
आम्ही दारं वाजवत फिरलो.
एकाही घरातून मागाचा आवाज नाही,
नुसते कूलर.

शेवटच्या दारातली कांता म्हणाली,
"मी नऊ वर्षांची होती.
थो हात धुवाले आला हापशीवर,
मीच हापसून देल्लं त्याले.
मले कोनी इचारलंच नाई."

तभाने साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

तिनं आधी पाणी आणलं.
"हा पितळेचा गुंड त्यानंच देल्ला,
माह्या लग्नात."

पाणी कोमट होतं.
तरी प्यायलो,
मग नाव विचारलं.