दाट

पत्र आलं मंगळवारी, वीजबिलाला चिकटून.
मॅमोग्राम नॉर्मल.
खाली बारीक अक्षरांत:
आपल्या स्तनांतील ऊतक अतिशय दाट आहे. वर्ग ड.

दाट म्हणजे काय, हे बर्नाडीन क्लूएटला
कुणी सांगायला नको.
बुरिनच्या धक्क्यावर तिने साठ वर्षं धुकं पाहिलंय,
असं, की बोटीच्या पुढच्या टोकाला उभा नवरा
नुसत्या खोकल्यावरून ओळखायचा.

क्ष-किरणांत दाट ऊतक पांढरं दिसतं.
ज्याची भीती, तेही पांढरंच.
मिठाच्या पिंपात गारेचा खडा शोधा म्हणावं.

बहिणीचं पत्रही असंच होतं. नॉर्मल.
फक्त त्या काळी दाट हा शब्द कुणी कळवत नसे.
अकरा महिन्यांनी मॉडच्या हाताला आंघोळीत गाठ लागली,
ओल्या केसांनी ती स्वयंपाकघरात येऊन बसली,
किटली शिट्टी मारत राहिली
आणि दोघींपैकी कुणीच उठलं नाही.
ते पत्र अजून ड्रॉवरमध्ये आहे, सुतळीच्या गुंड्याखाली.

डॉक्टर म्हणाला, सोनोग्राफी करता येईल,
पण सरसकट करत नाहीत.
कधी नसलेलंही दिसतं, मग सुई,
मग आठवडाभर झोप नाही.
बर्नाडीन म्हणाली,
झोप माझी आहे. कुठे घालवायची ते मी बघते.

खोलीत अंधार. जेल गार, नुकत्या पकडलेल्या मासळीसारखं.
पडदा उजळला आणि तिला हसूच आलं:
अगं, हे तर आमच्या बोटीवरचं यंत्र!
आवाज खाली सोडायचा
आणि काय परत येतंय त्याची वाट बघायची.
खडकाळ तळ असला तर जाड रेघ,
मासा असला तर कमानी.
कधी नुसती गार पाण्याची घडी असते,
तिलाही यंत्र मासा म्हणतं;
जाळं ओढावं तर रिकामं.

तंत्रज्ञ मॅरिविक इलोइलोची.
म्हणाली, माझ्या बापाकडे यंत्र नव्हतं.
वल्हं पाण्यात बुडवून
दांडा कानाला लावायचा.
ऐकू यायचं?
त्याला यायचं.

मग तिचा हात थांबला.
डावीकडे, घड्याळात दोन वाजतात त्या बाजूला.
पुन्हा फिरला, पुन्हा तिथेच आला.
करड्या पट्ट्यांमध्ये एक काळा ठिपका
(इथे ते पांढरं नसतं),
त्याच्या दोन कडांवर दोन अधिक चिन्हं.

गप्पा संपल्या होत्या.
ही शांतता बर्नाडीनला ओळखीची:
सुकाणूवरचा माणूस पडद्याकडे बघत
इंजिन हळू करतो, तेव्हाची.

खोली किती? तिने विचारलं.
मॅरिविक जरा थबकली.
अकरा मिलिमीटर.
बाकीचं डॉक्टर सांगतील.

म्हणजे उथळच, बर्नाडीन म्हणाली,
आणि डावा हात डोक्याखाली तसाच ठेवून
तिने श्वास धरला,
कुणी सांगितलं नव्हतं तरी.