डावीकडं काय हाय?

बापूंच्या डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी,
उजव्यात नुसतं ताक.
परभणीच्या डॉक्टरनं सांगितलंय, धूळ नको, ऊन नको.
प्रश्नांचं काही म्हणाला नाही.
मानवत रोड मागे पडल्यापासून
दर पाच मिनिटांनी : डावीकडं काय हाय?

कापूस, मी म्हणते. शेवटची वेचणी. बाया बसल्यात जेवायला.
ते नको. गाडी सांग.

मग सांगते.
जिनिंगच्या कुंपणाआड एक गोल नाक,
दिव्यांच्या जागी दोन भोकं,
हौदात सरकी, सरकीवर झोपलेलं कुत्रं.

फारगो, म्हणतात बापू, आणि सीटवर सरळ बसतात,
घरात कुणी मोठं माणूस आल्यासारखे.
रफिउद्दीन सेठची.
चढाला दुसरा पडायचाच न्हाई तिला.
वालूरपासून पहिल्यातच यायची रडत,
गावाला आधी आवाज कळायचा, मग धूर,
मग लई वेळानं गाडी.

करडई फुललीय दोन्ही अंगांनी, पिवळी, काटेरी.
तिच्यात रुतून एक मॅटाडोर, निळी असावी,
घेवड्याचा वेल टपावर चढून पलीकडे उतरलाय.
सावळा पौळकर, म्हणतात. मागून उघडी करून घेतली आपल्याकडं.
तुझ्या आत्याचं वऱ्हाड तिच्यातच गेलं जिंतूरला,
अठ्ठावीस माणसं अन् एक शेळी.
शेळी कशाला, मी विचारते.
शेळीला कोन विचारतंय, हौद बघ किती मोठा.

पाथरीच्या अलीकडे एक डुक्कर टेम्पो,
तीनातलं एक चाक गायब, त्या बाजूला दगड.
नवी पिकअप हॉर्न देत पुढे जाते,
मागे लिहिलंय, बघतोस काय, हप्ता भर.
ती नको, म्हणतात. तिला अजून म्हातारी व्हायचंय.

नाक्यावर बापूंचं गॅरेज होतं तिथे मोबाईलची कव्हरं लटकतात.
हे मी सांगत नाही. तेही विचारत नाहीत.

पुढे बराच वेळ फक्त ऊस.
डावीकडं काय हाय?
मी एक गाडी रचते. हिरवी, जुनी, लिंबाखाली.
दाराची कडी आतून का बाहेरून?
बाहेरून, मी म्हणते.
कितवं दार?
माझ्याकडून उत्तर जात नाही.
बापू खिडकीकडे तोंड करून हसतात, आवाज न करता.

ढालेगावचा पूल ओलांडला आणि खरीच सापडली :
जीपचं तोंड, मागे लाकडी फळ्यांचा हौद,
धुऱ्यावर, ज्वारीला टेकल्यासारखी.
ड्रायव्हरच्या जागेवर कोंबडी बसलेली, उठायला तयार नाही.
बापू म्हणाले, थांब.

मालकीण पाणी घेऊन आली. तिला काही माहीत नव्हतं,
सासऱ्यानं आणली, तवापासून हितंच हाय.
बापूंनी बॉनेटवर हात ठेवला, कडेनं सरकवत नेला,
मडगार्डच्या जोडापाशी थांबले.
पुन्हा मागे आले. पुन्हा गेले.
माझं न्हाई हे, म्हणाले.
गंज सगळीकडे, जोडावर नाही.
बोटाला जोड सापडतच न्हाई बघ.
हा मुनीर.

मुनीरचा हात कापतो,
असं बापूंनी अख्ख्या पाथरीला सांगितलेलं.
मी लहान होते, मलाही सांगितलेलं.
त्यानं समोरच्या बाजूला शटर भाड्यानं घेतलं, त्या आठवड्यात.

गाडीत बसल्यावर त्यांनी अंगठा पुसला नाही.
कुठं असतो आता, ठाव हाय तुला?
नाही. त्या बाईला विचारून येऊ?
नको.

दोन किलोमीटरवर ट्रॅक्टर लागला, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या,
मी त्यांच्या मागे रेंगाळत राहिले.
बापू म्हणाले,
इचारलं असतंस तरी.