दुसरी सही

फोंड्याच्या निबंधक कार्यालयात
कारकुनाने लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर
माझ्यापुढे आडवं टाकलं,
पान काढून दिलं
आणि चहाला गेला.

पहिली सही आहे. दोघांची.
तुळशीदास गावडे, तिरकी, घाईची.
प्रेमावती, एकेक अक्षर वेगळं,
'व'चं पोट जरा मोठंच.
खाली दुसऱ्या सहीची जागा.
तिथे कसरीने पाडलेलं एक भोक,
बाकी काही नाही.

तारीख दिली होती पंधरा दिवसांनंतरची.
त्या दिवशी तो झुआरीत बार्जवर होता,
खनिज भरून मुरगावच्या वाटेने.
परतला तोवर देवळात लग्न लागलेलं,
पंगती उठलेल्या, व्हिडिओवाल्याचे पैसे चुकते.
त्यावर आणखी सही ती कसली?

पुण्यातल्या एका परिसंवादात मी बोलले होते:
आमच्या गोव्यात बायकोचा अर्धा वाटा
लग्नाच्या दिवसापासूनच.
टाळ्या पडल्या. शाल मिळाली.
लग्नाचा दिवस नेमका कोणता
हे कुणी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

आता बोरीची जमीन त्याला विकायची आहे.
ती म्हणाली, मी सही देणार नाही.
त्याच्या वकिलाने दोन ओळींचं उत्तर धाडलं:
सहीची गरजच नाही.
ही बाई आमच्या अशिलाची
कायद्याने कोणी लागत नाही.

तिला हे माझ्या ऑफिसात सांगितलं,
खालच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन घरघरत असताना.
तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली.
"म्हणजे हांव कोण?"
मग हसली. खरंच हसली.
"एकोणीस वर्सां परक्या दादल्याक
शीत-कडी वाडली गो बाये!"

पिशवीतून तिने बँकेची नोटीस काढली.
टिप्पर घेतला होता, खाणी बंद झाल्या,
टिप्पर अंगणात गंजला, कोंबड्या खाली अंडी घालतात.
कर्ज मात्र चालू.
नोटिशीत दोघांची नावं,
तिच्या नावापुढे टंकलेलं: पत्नी.

मी तारखा जुळवत बसले.
लग्नाला दोन सह्या लागतात.
कर्जाला तिची एकच पुरली.

पण त्या अर्जावर त्याचीही सही आहे,
तीच तिरकी, घाईची,
'पत्नी' या शब्दाच्या अगदी खाली.
पोराच्या शाळेच्या दाखल्यावर आहे,
रेशनकार्डावर आहे,
तिचं गर्भाशय काढलं तेव्हा
इस्पितळाच्या संमतीपत्रावर आहे,
नातं: नवरा.
इतक्या सह्या. फक्त त्या पानावर नाही.

न्यायाधीश याला काय म्हणतील, ठाऊक नाही.
खोटं कशाला सांगू, बाजू लंगडी आहे.
वीस वर्षांच्या वकिलीत शिकले ते एवढंच,
की लंगडी बाजूही
तारखेला हजर राहावी लागते.

वकालतनामा पुढे केला.
तिने पेन झटकून पाहिलं,
नखाने रेघ धरली.
"नाव खंयचें बरोवं? त्याचें लावं काय बापायचें?"
मी म्हटलं, नेहमी लिहितेस ते.
ती थोडा वेळ थांबली.
मग फक्त प्रेमावती लिहिलं,
'व'चं पोट तसंच मोठं,
आणि मान वर करून विचारलं,

"एकदांच पुरो? का परत येवचें पडटलें?"