मिठाची गुळणी

गनर्स टिकलच्या इस्पितळात
रात्रपाळी संपताना आम्ही दोघी मोजायचो
कुलूपबंद कपाटातल्या मॉर्फिनच्या कुप्या.
लॉरेटा म्हणायची, एकोणीस.
मी म्हणायची, एकोणीस.
दोन सह्या, एक किल्ली,
मग चहाची किटली.
बाहेर धुकं इतकं दाट
की फेरीबोटीचा भोंगा यायचा, बोट यायची नाही.

सहा वर्षांत हिशेब एकदाही चुकला नाही.
खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं.
माझ्या बापाच्या दुकानात
महिनाअखेरीला दहा-वीस सेंट
इकडेतिकडे व्हायचेच.

पाच नंबरच्या खाटेवर गस कीपिंग.
कर्करोग हाडांत उतरलेला.
बावन्न वर्षं कॉड खारवण्यात गेली,
बोटांच्या पेरांत मीठ मुरलेलं.
फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, पहाटे तीनला,
त्यानं माझी बाही धरली.
"पोरी, मघाशी तिनं शिरेतून पाणी दिलं मला.
मिठाचं. जिभेवर आलं.
दुसरं काही कळो न कळो,
मीठ मला कळतं."

असं काही नसतं, गस, म्हटलं मी.
उशी सारखी केली.
मग कपाट उघडून एक कुपी दिव्याखाली धरली.
रबरी बुचावर भोक,
टाचणीच्या टोकाएवढं.

लॉरेटा.
जिनं मला शिकवलं,
शीर डोळ्यांनी शोधू नकोस, बोटाला विचार.
हिमवादळात रस्ते बंद, डॉक्टर पलीकडे अडकलेला,
तेव्हा माझी लेक जिच्या हातांत आली.
एका जाड म्हाताऱ्याला सावरताना
जिच्या पाठीचा मणका सरकला,
आणि जी तिसऱ्या दिवशी कामावर हजर होती,
कारण दुसरं कोणी नव्हतं.

त्यानंतर गसला इंजेक्शन मीच द्यायची.
नव्या पेटीतलं, सील तोडून.
माझी पाळी नसायची त्या रात्रींचं काय,
हे मी स्वतःला विचारलं नाही.
क्रिच साहेबांना आडून विचारून पाहिलं.
ते म्हणाले, आपण आपसात बघू. बाई चांगली आहे.
आणि इतक्या लांब दुसरी नर्स
येणार कुठून?
तिच्या फाइलीत जुन्या इस्पितळाचं पत्र होतं,
"अत्यंत विश्वासू",
खाली घाईची सही.
त्या सहीकडे मी खूप वेळ पाहिलं.
तिकडेही कोणीतरी गुळणी धरली असणार,
आणि ती न थुंकता
आमच्या वाटीत ओतली असणार.

गस मे महिन्यात गेला.
जूनमध्ये मी अर्ज मागवला.

अर्जात सगळं सोपं असतं.
नाव. परवाना क्रमांक.
कळवणाऱ्याचं संबंधिताशी नातं:
दोन इंचांचा चौकोन.
त्यात मी "सहकारी" लिहिलं.
वर ठळक अक्षरांत, कायद्यानं बंधनकारक.
मला वाटलं होतं त्या शब्दानं हात हलका होईल,
मी नाही, कायदा लिहितोय असं वाटेल.
पण पेन माझंच होतं, चावलेल्या टोपणाचं.

मग सातवा प्रश्न:
हे आपणास प्रथम केव्हा समजले?

बराच वेळ फ्रीज घरघरत राहिला.
लेक आत झोपेत काहीतरी बोलली.
मी जून लिहू शकले असते.
कोणी विचारलं नसतं. गस तर नक्कीच नाही.
मी लिहिलं, फेब्रुवारी.
आणि त्याखाली, दुसरा अर्ज,
स्वतःच्या परवान्याचा क्रमांक घालून.

पुढे सुनावणी झाली, तिचीही, माझीही.
तिला उपचारांना पाठवलं.
मला ठपका मिळाला, आणि नोकरी राहिली,
कारण दुसरं कोणी नव्हतं.

परवा ती दुकानात भेटली.
केस आखूड केलेत, हात स्थिर.
मला वाटलं, तोंड फिरवेल.
ती म्हणाली, "वेरीना, तू त्या रात्री
कुपी दिव्याखाली धरलीस ना,
मी दारात होते.
रोज वाट बघत होते,
आज सांगशील म्हणून."

मग तिनं पाव घेतला, लोणी घेतलं,
सुटे पैसे मोजले,
पुन्हा मोजले,
आणि पाच सेंट कमी पडले म्हणून
माझ्याकडे हात पसरला.